लाभ, दोन, तीन

मी बीडच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात मराठीत ब्लॉग लिहितो. विषय सॉफ्टवेअर. ज्यांना सॉफ्टवेअर लागतं ते मराठीत वाचत नाहीत आणि जे मराठीत वाचतात त्यांना सॉफ्टवेअर लागत नाही. या दोन गटांच्या मधल्या मोकळ्या जागेत मी गेली काही वर्षं एकटाच बसलेलो आहे. वाचक मोजके. त्यातले बरेचसे माझेच विद्यार्थी, आणि ते का वाचतात हे परीक्षा जवळ आली की कळतं.

कंपन्यांच्या थाटाची टिंगल करणं हा ब्लॉगचा मुख्य धंदा. कुणी बटणाचा रंग निळ्याचा हिरवा करतं आणि त्याला क्रांती म्हणतं. मी ती क्रांती चार परिच्छेदांत खाली बसवतो. यात आपली कधी फजिती होईल असं मला वाटलं नव्हतं. टिंगल करणाऱ्याला तसं कधी वाटत नाही.

मागच्या वर्षी एका सॉफ्टवेअर कंपनीचं मोबाईल टूलकिट बाजारात आलं. टूलकिट म्हणजे ॲप बांधायचं तयार सामान. घर बांधताना दारं-खिडक्या आपण घडवत बसत नाही, तयार आणून बसवतो, तसंच. त्यात एक भाग आवाज ऐकून मोजणारा होता. माणसाने आकडे तोंडाने म्हणायचे, फोनने ऐकलेल्या प्रत्येक आकड्यामागे एक धरून बेरीज दाखवायची. भारतीय भाषांसाठी खास, असा दावा होता. असे दावे मी जपून ठेवतो, उन्हाळी सुट्टीत कामी येतात.

तेवढ्यात, दिवाळीच्या आधी, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तलवाड्याजवळच्या मेंढपाळ घरातला, शिकून गेवराईत नोकरीला लागलेला. घरची मेंढरं अजून आहेत. ती थोरला भाऊ आणि आई सांभाळतात. दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायचं, गावोगावच्या रिकाम्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम. कळपाची मोजणी आईकडे. सकाळी बाहेर सोडताना एकदा, संध्याकाळी आत घेताना एकदा. लग्न होऊन आल्यापासून हे काम तिचं.

"सर, मागच्या साली घोळ झाला," तो म्हणाला. "संध्याकाळी माय म्हणली पुरे हायेत. सकाळी बघतो तर एक कमी. माय म्हणती रातीतून लांडग्यानं नेलं. दादा म्हणतो, संध्याकाळीच कमी होतं, मायची मोजणी चुकली. तवापासून रोज तेच. आता दादा म्हणतो, म्हातारीला डोळ्यांनी दिसंना, अवंदा घरीच राहू दे, पोरं संभाळू दे."

"मग त्यात वाईट काय?" मी म्हणालो. "आराम मिळेल."

"सर, माय आजवर एक हिवाळा घरात राहिलेली न्हाई. तिला घरात ठिवलं तर ती दोन महिन्यांत मरंल." हे त्याने चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं.

त्याची कल्पना अशी होती की आईची मोजणी फोनने ऐकावी आणि स्वतंत्र बेरीज करावी. दोन्ही आकडे आठ दिवस जुळले की दादाचं तोंड बंद. दादानेही ते मान्य केलं होतं. मला टूलकिटचं परीक्षण लिहायचंच होतं. मी हो म्हणालो.

फोनला त्या बाईंचे उच्चार शिकवावे लागणार होते, म्हणून एका दुपारी स्कूटरवर तलवाड्याच्या बाजूला गेलो. बाई उंच, वाळलेल्या, हातात त्यांच्याहून उंच काठी. मी फोन पुढे धरून म्हणालो, "एक ते वीस म्हणा."

"काय मोजायचंय?"

"काही नाही. नुसतं म्हणा."

"काई मोजायचंच न्हाई, मंग म्हणायचं कावून?" त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने डोळ्यांनी विनंती केली. मग शाळेतल्या पोरासारखं एका दमात त्यांनी म्हणून दाखवलं, "येक, दोन, तीन, च्यार, पाच, सा, सात, आट..." शेवटी "येकुनीस, ईस." मी सगळं शिकवलं. 'सा' म्हणजे सहा, 'ईस' म्हणजे वीस. प्रमाणभाषेच्या बाहेर मराठी असते हे कंपनीला ठाऊक नसणार, पण मला ठाऊक आहे, या गोष्टीचा मला त्या दुपारी बराच अभिमान वाटला.

संध्याकाळी कळप आला आणि मी पहिल्यांदा ती मोजणी पाहिली. दोऱ्यांच्या जाळीचं गोल कुंपण होतं, त्याला एक माणूसभर फट. बाई फटीशी बसल्या, एक गुडघा उभा. मेंढरं एकेक करून येतात हा माझा समज चित्रांवरून झालेला. ती तिघं-चौघं एकदम, एकमेकांच्या पाठीवरून येतात. धुळीत मला फक्त लोकर दिसत होती. बाई पाहतही नव्हत्या. प्रत्येक पाठीला हाताचा पंजा लागत होता आणि ओठ हलत होते. एका लंगड्या मेंढीला त्यांनी मध्येच शिवी दिली, थोरल्या सुनेला चूल पेटवायला सांगितलं, मला "मास्तर, पाय काढा तिथून" म्हणाल्या, आणि ओठांवरचा आकडा जिथल्या तिथे होता. वीस झाले की डाव्या हातातला एक खडा ओच्यात. शेवटचं कोकरू आत गेलं तेव्हा ओच्यात सात खडे होते. "सात इसा न तीन," त्या म्हणाल्या आणि उठल्या. एकशे त्रेचाळीस. मी तीस मुलांची हजेरी घेताना दोनदा चुकतो.

मोजणी ऐकून तिचं रेकॉर्डिंगही ठेवणारं ॲप तयार करून फोन त्यांच्या गळ्यात अडकवला आणि परीक्षा सुरू झाली.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या सात इसा न तीन. फोन म्हणाला एकशे बेचाळीस. दोघा भावांनी हरवलेलं मेंढरू अर्धा दिवस रानात शोधलं. दुसऱ्या दिवशी तेच. बाई त्रेचाळीस, फोन बेचाळीस. तिसऱ्या दिवशी दादाने स्वतः मोजून पाहिलं. एकदा एकशे एकोणचाळीस आले, एकदा एकशे सेहेचाळीस. त्यानंतर त्याने फोनवर विश्वास ठेवला, कारण फोन निदान दररोज एकच आकडा सांगत होता. आठव्या दिवशी निकाल लागला: माय एक जास्त मोजते. म्हणजे गेल्या साली संध्याकाळीही तिने एक जास्त मोजलं होतं. लांडग्यावरचा आरोप मागे घेण्यात आला.

विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, मायनं काठी वहिनीला देऊन टाकली," एवढंच म्हणाला.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. टूलकिटने काम केलं होतं. सगळ्या कंपन्यांवर संशय घेणारा मी, या एका यंत्रावर घेतला नाही, कारण ते मी जोडलं होतं. त्या रविवारी मी परीक्षण लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एका कंपनीचं बऱ्यापैकी कौतुक केलं. उदाहरण म्हणून नाव न घेता त्या बाईंची गोष्ट लिहिली आणि खाली मोजणीचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग जोडलं. आयुष्यभराची सवयसुद्धा एकाने चुकू शकते आणि यंत्राला ते कळतं, असं एक वाक्य त्यात होतं. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

तीन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. ब्लॉगखाली, सगळ्यांना दिसेल असं, आणि मराठीत. म्हणजे अक्षरं मराठी होती. "आपल्या प्रेरणादायी प्रवासाने आम्ही नम्र झालो आहोत. आपल्यासारखे भागधारक आम्हाला अधिक उंचीवर नेतात." मी कुठे प्रवास केला होता? तलवाड्याला, स्कूटरवर. पुढे विनंती होती की ही गोष्ट त्यांना जाहिरातीत वापरू द्यावी. जाहिरातीचं वाक्यही तयार होतं: 'जिथे अनुभव चुकतो, तिथे आम्ही मोजतो.'

एरवी अशा वाक्यावर मी आठवडाभर जगलो असतो. पण ते माझ्याच आवडत्या वाक्याचं धाकटं भावंड होतं, हे दिसत होतं. मी उत्तर दिलं नाही.

आणखी दोन दिवसांनी ईमेल आली. तीही त्याच कंपनीतून, पण खालच्या मजल्यावरून आल्यासारखी. न नमस्कार, न प्रवास. लिहिणारी बाई तपासणी विभागात होती. टूलकिटचे भाग नीट चालतात की नाही हे पाहणं तिचं काम. इंग्रजीत लिहिलं होतं. त्याचा मतलब असा: 'मला मराठी येत नाही. तुम्ही जोडलेलं रेकॉर्डिंग मी पुष्कळदा ऐकलं. त्या बाई मोजणी सुरू करताना आकड्याआधी एक शब्द म्हणतात. आमचा भाग तो आकडा नाही म्हणून टाकून देतो. तो खोकला नाही. मेंढराला हाक मारल्यासारखाही वाटत नाही, कारण त्याच वेळी हात पडल्याचा आवाज येतो. तुमच्याकडे बाकीची रेकॉर्डिंग आहेत का? आणि तो शब्द काय आहे?'

मी आठही दिवसांची रेकॉर्डिंग काढली. मेंढरांची बें-बें, कुत्रं, सुनेची भांडी. मग पाठीवर पंजा पडल्याचा थप्प आवाज, आणि बाईंचा स्वच्छ आवाज: "लाभ." मग थप्प, "दोन." थप्प, "तीन."

आठही दिवस. सकाळ, संध्याकाळ. लाभ, दोन, तीन.

मी घाटनांदूरचा. लहानपणी घरी ज्वारी आली की वडील पायलीने मोजत. पहिली पायली पोत्यात ओतताना त्यांनी कधीही 'एक' म्हटलेलं मला आठवत नाही. 'लाभ' म्हणत. शेजारचे चाचा मापाला बसले की 'बरकत' म्हणत. मग दोघांचं दोन, तीन सारखंच. मी हे कधी शिकलो नव्हतो, त्यामुळे विसरलोही नव्हतो. ते कानात इतकं खोल बसलेलं होतं की मला ऐकूच आलं नाही. त्या संध्याकाळी मी बाईंपासून चार हातांवर उभा होतो. तो शब्द माझ्यासमोर उच्चारला गेला आणि मी तो 'एक' असाच ऐकला. ज्या यंत्राला मी 'सा' आणि 'ईस' शिकवून फुगलो होतो, त्याला मराठीतला मोजणीचा पहिलाच शब्द सांगायला विसरलो होतो. आणि तो ओळखला कुणी, तर जिला मराठी येत नाही तिने. कुठल्यातरी शहरात, कानाला हेडफोन लावून, एका अनोळखी म्हातारीच्या हाताचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत. कंपन्यांत अशी माणसं असतात हे मी ब्लॉगवर कधी लिहिलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं.

कळप निघायला तीन दिवस होते. मी स्कूटर काढली.

सगळे घरीच होते. बाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या, काठी नसलेल्या हातांनी. थोरली सून काठी धरून भिंतीशी उभी. ती तिला जड जात होती, हे कुणालाही दिसलं असतं. मी रेकॉर्डिंग लावलं. पहिलं, दुसरं, तिसरं.

थोरल्याला पहिल्यांदा कळलं नाही. विद्यार्थ्याला कळलं. त्याने कपाळाला हात लावला. "दादा, माय 'लाभ' म्हणतीय. फोनला लाभ कळंना. त्यानं पहिलं मेंढरू धरलंच न्हाई."

थोरला फोनकडे बघत राहिला. "मंग आमी अर्धा दिवस रानात कुणाला हुडकत फिरलो बे?"

"लाभाला."

सून पदरात तोंड घालून हसली. थोरल्याला हसू आवरेना आणि हसायचीही लाज वाटत होती. बाई शेंगा निवडत होत्या.

"तुम्ही मला एक ते वीस म्हणून दाखवलं तेव्हा 'येक' म्हणालात," मी म्हणालो. तक्रारीचा सूर निघाला, तो मला ऐकू आला.

"तवा काय मेंढरं होती का म्होरं?" त्या म्हणाल्या. "तुमी म्हणलात म्हण, मी म्हणलं. मोजताना येक कसं म्हणायचं? येक म्हणलं तर देव म्हणतो, ऱ्हाऊ दे मंग येकच."

"पण पुढच्या विशीला तुम्ही 'येक'च म्हणता."

"मास्तर, लाभ झाल्यावर येकाला भ्यायचं कावून?"

मी त्यांची माफी मागितली. गावात मास्तरने म्हाताऱ्या बाईची माफी मागणं हा प्रकार सगळ्यांनाच अवघड गेला; त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगून तो मिटवला.

घरी येऊन तपासणीवाल्या बाईला मी सगळं कळवलं. परीक्षण काढून टाकलं नाही. वर एक ओळ लिहिली: या लेखातली चूक मोजणाऱ्या बाईची नसून लिहिणाऱ्याची आहे. दुसऱ्या दिवशी ब्लॉगखाली कंपनीचं दुसरं उत्तर आलं. चार वाक्यं. त्या बाईंची मोजणी बरोबर होती. आमच्या भागाने पहिला शब्द टाकून दिला. मोजणीचा पहिला शब्द आता वापरणाऱ्याला ठरवता येईल. आमची माफी त्यांना कळवावी. ही वाक्यं खालच्या मजल्यावरची होती हे ओळखायला मला नाव लागलं नाही. नम्र झालेलं पहिलं उत्तर आणि हे दुसरं, दोन्ही अजून तिथे एकाखाली एक आहेत.

मला आलेल्या वेगळ्या ईमेलमध्ये तिने एक ओळ जास्त लिहिली होती: 'मला वाटायचं, एकापासून न मोजणारे फक्त आम्हीच. आम्ही प्रोग्रामर शून्यापासून मोजतो.'

कळप निघायच्या सकाळी मी पुन्हा गेलो. दुरुस्त केलेला भाग तिने घाईने पाठवला होता, तो मी ॲपमध्ये बसवला आणि बाईंच्या गळ्यात फोन अडकवताना कंपनीची माफी पोचती केली. मग शून्याचंही सांगितलं.

"शून्य म्हंजी?"

"काहीच नाही."

"म्हंजी नसल्यालं मेंढरू आधी मोजत्यात?"

"तसंच."

त्यांनी जरा विचार केला. "लई दुष्काळ बघितल्याली माणसं असत्याल," त्या म्हणाल्या, आणि त्यात थट्टा नव्हती.

फटीशी त्या बसल्या, एक गुडघा उभा. सुनेने न सांगता काठी त्यांच्या शेजारी आणून टेकवली. थोरल्याने जाळी उचलली. पहिली मेंढी उसळली, पंजा पाठीवर पडला.

"लाभ," बाई म्हणाल्या.

"लाभ!" मागून माझा विद्यार्थी ओरडला, आईला चिडवायला. त्यांनी न बघता त्याला एक शिवी हासडली आणि दोन म्हणाल्या. मग लोकरीचा लोंढा, धूळ, हलणारे ओठ, ओच्यात पडणारे खडे. पहिल्या वेळेइतकाच मी थक्क होऊन बघत होतो. कसं होतं ते कळलेलं असूनही काही फरक पडला नाही.

शेवटचं कोकरू बाहेर पडलं. थोरला पुढे आला, आईच्या गळ्यातला फोन काढला, आणि पडद्याकडे न बघता माझ्या हातात दिला.

"किती, माय?"

"सात इसा न तीन."

"चला मंग," तो म्हणाला आणि कुत्र्याला शीळ घातली. बाई काठीला रेटा देऊन उठल्या आणि कळपाच्या डाव्या अंगाने, लंगड्या मेंढीच्या बाजूला, चालू लागल्या.

धूळ खाली बसल्यावर मी फोन पाहिला. एकशे चव्वेचाळीस. नुकताच शब्द शिकलेलं यंत्र. त्याने आईचा लाभ धरला आणि लेकाचाही धरला. मी पडदा बंद केला, फोन खिशात टाकला आणि स्कूटरकडे वळलो. रस्त्यावर कळपाचं शेपूट अजून दिसत होतं. थोरला पुढे होता. त्याने एकदाही मागे वळून मेंढरं मोजली नाहीत.